रविवारचा अपडेट

प्रिय बाबा,

समोर बसून बोलायला आले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. फोन केला तर 'जेवलीस का' एवढं विचारून आईच्या हातात देता. म्हणून लिहितेय. आधीच सांगून टाकते, हे माफीपत्र नाही. संचालक लिऊसाहेबांनी दिलेला माफीचा कागद माझ्या खणात पडलाय आणि तो तिथेच पिवळा पडणार आहे. सोमवारपर्यंत मी त्याच्यावर सही करायची, अपडेट काढून हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर पुन्हा जुन्यावर न्यायचे, नाहीतर कॉम्प्युटर विभागाची खुर्ची सोडायची, असा संचालकांचा हुकूम आहे. सही करणार नाही, जुन्यावर नेणार नाही आणि खुर्चीवरूनही उठणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं.

बान्त्याओच्या दुकानात त्या तांदळाच्या रुंद नूडल्स ओरपता ओरपता लोकांनी तुमच्या कानावर काय काय घातलं असेल, ते मी इथे बसून सांगू शकते. जुई-युन शेफारली, संचालकांचा कॉम्प्युटर मोडला, पाहुण्यांसमोर त्यांचं नाक कापलं, आणि वर सख्ख्या बापाची हिरवी पुडी कचऱ्यात टाकली. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. बाकीचं आता माझ्याकडून ऐका.

हा अपडेट मी काही हौसेने काढला नव्हता. आपल्या मशीनना भोकं पडली होती, चोर आत शिरतील अशी, आणि ती बुजवायचं सामान कंपनीने पाठवलं होतं. इतकी साधी गोष्ट. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सातवा महिना चालू होता. लिऊसाहेब म्हणाले, भुतांच्या महिन्यात कुणी नवं काम काढतं का? बरं. तो महिना सरला तर सरकारी तपासणी आली. तपासणी आटोपली तर वर्षअखेर. मग स्वतःच म्हणाले, नववर्षाच्या सुट्टीत उरकून टाक, कुणी नसतं. मी म्हटलं, कुणी नसतं म्हणूनच नको. काही अडलं तर कंपनीचा माणूस सासुरवाडीला जेवत बसलेला असेल, आणि डायलिसिसला काही सुट्टी नसते. माणसाच्या किडनीला सणवार कळत नाही. त्यांना हे उद्धट वाटलं. वाटू दे.

त्याच सुट्टीत शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलवर धाड पडली. चोरांनी अशाच भोकातून शिरून कॉम्प्युटरमधले सगळे कागद कुलूपबंद केले आणि किल्लीचे पैसे मागितले. तिथले पेशंट आपल्याकडे आले, त्यात एक ग्वो आजी होत्या. आपल्या पंग सिस्टरनी त्यांना विचारलं, अंगातलं किती पाणी काढायचं, वजन कितीवर आणायचं? आजी म्हणाल्या, "मला काय ठाऊक बाई, ते मशीनला ठाऊक असतं." मशीन तर कुलपात. सिस्टरनी बिचाऱ्यांनी सुजेवरून अंदाज बांधला, तो थोडा जास्त झाला. आजी घामाने भिजल्या आणि डोळे पांढरे करायला लागल्या. शेजारच्या पलंगावर आई होती. एका हाताला सुया टोचलेल्या, तर दुसऱ्या हाताने तिने आजींचा हात धरून ठेवला. आजी वाचल्या. आईने घरी तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही, तुम्हाला जेवण जात नाही म्हणून. मी सांगतेय, कारण तिच्याही वजनाचा आकडा आपल्याच मशीनमध्ये आहे आणि आपल्याही मशीनला तीच भोकं होती. त्या दिवशी मी ठरवलं, आता कुणाच्या मुहूर्ताची वाट बघायची नाही.

पण म्हणून धसमुसळेपणा केला नाही. माझ्याआधी याच खुर्चीवर तुम्ही होतात, तुमच्याच हाताखाली वाढलेय. वादळाचा इशारा आला की तुम्ही हॉस्पिटलच्या नोंदींची टेप प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत घालून स्कूटरवरून घरी आणायचात, आणि आई म्हणायची, ह्या माणसाने मला कधी असं छातीशी धरलं नाही. ते बघत मोठी झालेली मुलगी बॅकअप घेतल्याशिवाय मशीनला बोट लावेल का? आधी सगळ्याची नक्कल घेतली. नक्कल नुसती घेऊन ठेवली नाही, एका रिकाम्या मशीनवर उतरवून बघितली, आईचं पान उघडून तिचं वजन वाचलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग अपडेट एकट्या पंग सिस्टरच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि आठवडाभर त्यांना वापरू दिला. त्यांच्याकडे रक्ताच्या बाटल्यांना चिकटवायच्या चिठ्ठ्या छापायचं यंत्र रुसलं. बरं झालं तेव्हाच रुसलं, दुरुस्त करून घेता आलं. आणि मग रविवार धरला, कारण आठवड्यात त्याच दिवशी डायलिसिसचे पलंग रिकामे असतात. सोमवारच्या सगळ्या पेशंटची पानं शनिवारीच कागदावर छापून सिस्टरच्या टेबलावर ठेवली. कंपनीच्या माणसाला फोन चालू ठेवायला लावला. अर्धी मशीनं आधी केली, ती धड चालताहेत बघून मग उरलेली. संचालकांना आठवडाभर आधी कळवलं होतं. त्यांनी वाचलं आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याला मी होकार धरला. ही माझी चलाखी म्हणा हवं तर, मी नाकारत नाही.

आता तुमची पुडी. मशीनने मुकाट चालावं म्हणून इथे सगळेच ठेवतात तशी, तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी मुख्य मशीनवर ठेवलेली, नारळाच्या चवीच्या मक्याच्या खाऊची, हिरवीगार, तुमच्या अक्षरात 'शहाण्यासारखं वाग' लिहिलेली. तुम्ही दरवर्षी मुदत संपायच्या आत ती बदलायचात. तुमच्यामागे मात्र कुणी हात लावला नाही, कारण तुम्ही सगळ्यांचे चांगदादा, चांगदादांची पुडी कोण बदलणार? मीही नाही बदलली. तुमचं अक्षर होतं ना त्याच्यावर. बाबा, ती केव्हाच फुटली होती. रविवारी मी मशीन उघडलं तर आतल्या पंख्यापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली, पंख्याच्या पात्यांवर खाऊचा भुगा आणि मेलेल्या मुंग्यांचा थर. मशीन तापत होतं ते त्यामुळे. देवाधर्माच्या नावाने आपण मशीनला मुंग्यांच्या तोंडी दिलं होतं. मी पुडी टाकली, पंखा घासून पुसला, आणि टाकताना रडले, हेही लिहिते. पण टाकली, आणि परत वेळ आली तर परत टाकीन.

सोमवारी सकाळी डायलिसिसची पहिली पाळी वेळेवर लागली. एकही पान अडलं नाही. आईच्या पलंगाशी जाऊन मी स्वतः बघून आले. आणि मग वरच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. झालं होतं असं, की मी सगळ्यांना चिठ्ठी लावली होती, शनिवारी जाताना कॉम्प्युटर बंद करू नका. संचालकांना वीज वाचवायची सवय. त्यांनी बटण बंद केलं, वर खोलीला कुलूपही घातलं. त्यामुळे त्यांचा अपडेट रविवारी झालाच नाही, तो सोमवारी त्यांनी बटण दाबल्यावर सुरू झाला. समोर हॉस्पिटलला पेशंटची गाडी देणगी देणारे पाहुणे चहा पीत बसलेले, त्यांना द्यायचं मानपत्र छापायचं होतं, आणि पडद्यावर एकच ओळ, काम चालू आहे, कृपया बंद करू नका. पाहुण्यांचा दुसरा चहा झाला, गप्पा संपल्या, कुणीतरी घड्याळ बघितलं. लिऊसाहेब उठले आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

मेलाच तो कॉम्प्युटर. दुसरं काय होणार? मी नक्कल उतरवून दुपारपर्यंत तो उठवून दिला, त्यांचा एक कागद गेला नाही. पण तोवर ते तणतणत खाली मशीनच्या खोलीत येऊन गेले होते आणि पुडी जागेवर नाही हे त्यांनी बघितलं होतं. झालं, कारण सापडलं. मी चांगदादांची पुडी काढली म्हणून मशीन कोपलं. पिन कुणी उपटली हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे, आणि सगळं हॉस्पिटल पुडीबद्दल बोलतंय. माफीच्या कागदावर पहिला गुन्हा तोच आहे, विनापरवाना पुडी हलवणे. पंग सिस्टर वाचून इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मग हळूच मला म्हणाल्या, कर बाई सही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. तुमचा निरोपही तोच होता, आईकरवी आलेला. मान खाली घाल, दोन दिवसांत सगळे विसरतील.

विसरतात का हो बाबा? मी नाही विसरले. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते, तुमचा डबा घेऊन हॉस्पिटलात आले, आणि दारातच थांबले. तुम्ही टाकलेल्या एका अपडेटने कामकाज अडलं होतं. नक्कल तुमच्याकडे होती, तुम्ही मागत होतात तो फक्त एक दिवस. पण तेव्हाचे संचालक सगळ्यांसमोर तुम्हाला घालूनपाडून बोलत होते आणि तुम्ही कमरेतून वाकून उभे होतात. सरळ व्हायला सांगेपर्यंत वाकलेले. त्या दिवसापासून तुम्ही मशीनला हात लावला नाहीत, नुसत्या पुड्या बदलल्या. चालतंय ना, मग चालू दे, हे तुम्ही तेव्हापासून म्हणायला लागलात. मला राग तुमचा नाही. तुमच्यासारख्या माणसाला ज्यांनी भित्रा करून सोडला त्यांचा आहे. आणि तेच माझं करायला निघालेत म्हणून मी एवढी पेटलेय.

गंमत बघा, हेच लिऊसाहेब दर वर्षअखेरच्या जेवणात ग्लास उंचावून सांगतात, आपण हाक्का जमातीची माणसं, आपली मान ताठ, ती कुणापुढे वाकत नाही. मी विचारलं त्यांना, साहेब, ही ताठ मान फक्त जेवणापुरती असते का? तेव्हापासून माझ्याशी ते सेक्रेटरीमार्फत बोलतात. बरंच झालं, काम निवांत होतं. मी त्यांच्या दारावर नवी सूचनाही लावून आलेय, पुढचा अपडेट कोणत्या रविवारी आहे आणि कुणी पिनेला हात लावायचा नाही याची. नोकरी राहिली तर तो मीच टाकणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल आई पलंगावर पडल्या पडल्या सहज म्हणाली, तुझ्या बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतलाय, सोमवारी त्यांना हॉस्पिटलात बोलावलंय, देवघराखालचा जुन्या डिस्कचा खोकाही पुसून ठेवलाय, किती दिवसांनी इतके खुशीत आहेत. तिला वाटतंय तुमचा सत्कार आहे. मी तिचा तो समज मोडला नाही. म्हणजे माझ्या जागी बसून सगळं पुन्हा जुन्यावर न्यायला लिऊसाहेबांनी तुम्हालाच विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात. मला सांगितलंत नाही. इतक्या वर्षांनी त्यांनी 'चांगदादा, तुमच्याशिवाय होणार नाही' म्हटलं असेल, ते ऐकून तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं, आणि कळतं म्हणूनच जास्त लागलं. या सोमवारी मी खुर्चीतच असेन. पण खोका घेऊन माझ्याकडे येण्याआधी डायलिसिसच्या खोलीत जा. सोमवार आईचाच दिवस आहे. तिच्या पलंगाशी बसा आणि तिला तुमच्या तोंडाने सांगा, की तुझा आकडा मी परत त्या भोकाच्या मशीनमध्ये ठेवायला आलोय. ग्वो आजींचा हात धरलेली बाई आहे ती, तिला सगळं समजतं. ती हो म्हणाली, तर मी एक शब्द न बोलता उठते. आणि तिला विचारायची हिंमत होत नसेल, तर बाबा, तो शर्ट घडी करून कपाटात ठेवा.

तुमच्यावर अजूनही तेवढाच जीव असलेली, तुमचीच,
जुई-युन