वाडीतला तोफगोळा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आज महाडचं शस्त्रसंग्रहालय पाहिलं. जुन्या भातगिरणीत थाटलंय. गावाला एके काळी तट होता, आता भक्कम म्हणायला ही गिरणीच. तलवारी, ढाली, दोन गंजक्या बंदुका. पंखा एकच, तोही तलवारींकडे तोंड करून. मी तज्ज्ञाच्या नजरेनं पाहत होतो, तेवढ्यात काचेत शेजारचे येसाजी दिसले. म्हणजे त्यांचं नाव. ‘भाल्याचं पातं. दाते : येसाजी.’ हा माणूस त्या पात्यानं नारळ सोलायचा. मी स्वतः पाहिलंय.
जेवणावरची वासनाच उडाली. तीन भाकऱ्या खाल्ल्या असं सुरेखाचं म्हणणं. बायकोला इतिहासाची जाण नाही.
संकल्प : शिवजयंतीला तिथे नवं दालन उघडतंय. त्यात माझं नाव लागलंच पाहिजे. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं सातबारावर दुसऱ्यांची नावं चढवली. आता माझं.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
घरात शस्त्र शोधलं. विळी, अडकित्ता, छत्री.

सकाळी ६.४०
आठवलं. उमरठच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथे देवळासमोर एक मोठा गोल दगड असतो. काळा, गुळगुळीत. तोफगोळा. इतक्या पिढ्या त्याच्या बाजूला तंबाखू मळत बसल्या आणि एकालाही कळू नये? नजर लागते.
आजपासून रोज मोडी लिपीचं एक पान.

९ फेब्रुवारी, रविवार
मोहीम फत्ते. पुतण्या जितेशचा टेम्पो. त्याने आणि त्याच्या मित्राने फळी लावून गोळा चढवला, मी दिशा दाखवली. परवानगीचं म्हणाल तर वाडीत कुणी नव्हतं. म्हणजे धोंडूबाई पारावर नाचणी पाखडत होती, पण विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. ती दळणाला आत गेल्यावर निघालो. जितेश म्हणत होता, काका, होळीच्या आत परत आणायचा ना, मग फोन तरी करूया कुणाला. संशोधनात भावनेला जागा नाही असं त्याला समजावलं.
भुसारवाल्याच्या काट्यावर वजन ६२ किलो. केवढी तोफ असेल.
मोडी : चष्मा टेम्पोत राहिला.

११ फेब्रुवारी
संग्रहालय गौतमी नावाची मुलगी सांभाळते. पुण्याला शिकलेली. तिने विचारलं, एवढा गोळा जाईल अशी तोफ या भागात कुठे होती? म्हटलं, तोफ सापडली नाही म्हणून गोळा खोटा ठरत नाही. ती गप्प झाली. पटलं असणार.
पाटी तयार. ‘तोफगोळा (?) दाते व संशोधक : मालोजीराव.’ राव मी सुचवलं, प्रश्नचिन्ह तिने. काढून टाक म्हटलं, तर म्हणाली, मग ‘राव’पण काढते. ठेवलं.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती
आयुष्यातला मोठा दिवस. पाटीशेजारी उभा राहून फोटो. प्रश्नचिन्हावर अंगठा ठेवला. येसाजी आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, पाटा-वरवंट्याचं काही असेल. जळतात लोक.
फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. निम्मी वाडी मुंबईत असते, त्यांनाही कळू दे.

२० फेब्रुवारी, सकाळी
ग्रुपवर ८४ मेसेज. एवढं कौतुक वाचायला निवांत वेळ हवा. आंघोळ करून बसतो.

थोड्या वेळाने
कौतुक नाही. साकीनाक्याच्या एका पोराने लिहिलंय, ‘काका, ये तो अपनी गोटी हाय. चोरीला नाय गेली, काकांनी नेली.’ पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ती मोजली नाही.
ग्रुप म्यूट केला.

२३ फेब्रुवारी
गोमाजी आला. वाडीतला, माझ्याच वयाचा, शेळ्या आणि दोन बैल. पायरीवरच बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, माल्या, ती गोटी हाय. होळीला पोरं ती खांद्याव घेऊन देवळाला फेरी मारतात. फेरी मारल तो पोर जाणता, पालखीला खांदा त्याचाच. या साली मुंबईची धा पोरं रजा टाकून येताहेत, तुझा जितेश पण फेरी मारणार हाय. दगड नाय तर काय खांद्याव घेऊ, तुझी पाटी?
म्हटलं, मला कसं ठाऊक असणार, मी वाडी लवकर सोडली. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.
निर्णय : माघार नाही. आधी तोफगोळा होता, मग लोक उचलू लागले, असा लेख लिहिणार. दहा पानं.

२ मार्च
लेख : शीर्षक झालं.
जितेश येऊन गेला. टेम्पोवाला म्हणून त्यालाही वाडीत बोलणी बसली. म्हणाला, काका, मला फेरी मारायची हाय, दोन वर्षं वजनं मारतोय. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तरीही ठाम राहिलो.

९ मार्च, रविवार
गौतमीने परस्पर वाडीत फोन करून दगड परत दिला. आता त्या जागी येसाजींचा दुसरा भाला. माझी पाटी तिने कागदात गुंडाळून घरी पाठवली. सुरेखाने ती फळीवर पालथी ठेवली, वर मिठाची बरणी.
जितेशने होळीला यायलाच लावलंय. जाईन. मोठ्या मनाने गावकीला माफ करून येईन.

१४ मार्च
काल दुपारी वाडीत पोचलो. सगळे जमलेले. जितेशने गोटी पहिल्या झटक्यात खांद्यावर घेतली, देवळाला फेरी मारली आणि खाली ठेवून रडला. मलाही भरून आलं, हे लिहायला हरकत नाही.
मग गावकीने ठरवलं, ज्याने दगड हलवला त्याने तो देवापुढे ठेवून पाया पडायचं. खांद्यावर घ्यायचा नाही, दोन हात लावून गुडघ्यापर्यंत आणला तरी चालेल. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाकलो. हात लावला. मग म्हटलं, कंबर धरलीय.
गोमाजी पुढे आला, माझा हात बाजूला केला, आणि हळू आवाजात म्हणाला, एक्क्याऐंशीच्या होळीला पण कंबरच धरली व्हती रे तुझी. दुसऱ्या दिवशी महाडची एष्टी धरलीस.
कोणी हसलं नाही. बासष्टाव्या वर्षी त्याने एकट्याने दगड उचलून माझ्या वतीने देवापुढे ठेवला.
चव्वेचाळीस वर्षं मी होळीला वाडीत गेलो नव्हतो. मला वाटलं होतं, विसरले असतील.