सत्तेचाळीस नंबरचा पडदा

ती. भाऊजींना,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. ताईला सांगा, इकडे सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे तेवढे सोडायचे, पण ते तिला माहीतच आहे. तुमची कंबर काय म्हणते? थोडंफार ओझं उचलता येतं का आता? (सहज विचारतोय, मनात काही नाही.) पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. गेले तीन आठवडे माझ्या हातातली करवत खाली ठेवायला सवड मिळाली नाही, आणि एवढं राबून शेवटी माझं जे हसं झालं, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच कळवलेलं बरं.

झालं असं, की आमच्या उतारावरच्या वस्तीत घरोघर नळ येणार अशी बातमी आली. तुम्हाला आठवत असेल, आमचा नळ पार खाली, रस्त्याच्या कडेला. चौऱ्याण्णव पायऱ्या. मी पहाटे चार बादल्या भरून ठेवतो, पण मी कामाला गेलो की आई गुपचूप पाचवी आणायला निघते, आणि वर येताना प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी राहते, जणू काही देखावा बघायलाच थांबली आहे. विचारलं तर म्हणते, हवा छान सुटली होती. भाऊजी, मला ते बघवत नाही. म्हणून नळाचं ऐकल्यावर वस्तीत सगळ्यात मोठी उडी मीच मारली.

पण नळाला एक अट होती. मोजणीवाला येणार, प्रत्येक घराच्या दारावर रंगाने नंबर घालणार, आणि ज्याला नंबर त्यालाच नळ. आता आमच्या वस्तीत घरं पुष्कळ, दारं मोजकी. कुणाकडे पत्रा, कुणाकडे ताडपत्री, कुणाकडे नुसता विश्वास. आणि सुतार म्हणाल तर उभ्या वस्तीत मी एकटा. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत बाहेर आलो, तर समोर ही रांग! मग काय, खोक्यांच्या फळ्या, मोडकी टेबलं, जाहिरातीचा एक बोर्ड, मिळेल त्याची दारं केली. (तो बोर्ड न्हाव्याकडे लागला. त्यावर एका बाईचं अर्धंच हसू आहे. दार उघडलं की ती भिंतीत तोंड लपवते.) चपला शिवणाऱ्या काकांना तर दम निघेना. त्यांनी आपलं कपाट पाठ फोडून चौकटीत उभं केलं, आणि आता घरचे लोक शर्ट बाजूला सारत कपाटातून ये-जा करतात. त्यांनाही नंबर मिळाला.

आमच्या घरासाठी मी एक अस्सल सागवानी दार वर्षभर जपून ठेवलं होतं. पाडलेल्या इमारतीतलं, दोन माणसांशिवाय हलत नाही असं. मोजणीच्या आदल्या दिवशी शेजारची इस्त्रीवाली मावशी येऊन ओट्यावर बसली. काही मागितलं नाही हो तिने. नुसती त्या दाराकडे बघत बसली. एकटी बाई, लाकूड संपलेलं, दिवस मावळत आलेला. न्हाव्याला हाताशी घेऊन मी दार उचललं आणि तिच्या चौकटीत बसवून आलो. आमच्या हिने आपल्या रिकाम्या चौकटीवर जुना मळका पडदा इतक्या जोरात ठोकला, की खिळा भिंतीच्या पलीकडे निघाला.

सकाळी मोजणीवाला आला. मावशीच्या दारावर शेहेचाळीस घातला, आमच्यापाशी येऊन थबकला आणि म्हणाला, इथे घर नाही. आम्ही तिघं आत उभे! मी म्हटलं, अहो, मी घरातूनच बोलतोय तुमच्याशी. तो म्हणे, माझ्या कागदावर दार नाही म्हणजे घर नाही. आणि ही सगळी दारं कुणी केली म्हणून त्याने विचारलं, तेव्हा आख्ख्या गल्लीने माझ्याकडे बोट दाखवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आईने त्याला बसवून चहा पाजला, गुडघ्यांची हकिकत सुरुवातीपासून सांगितली, आणि दुसऱ्या गुडघ्यापर्यंत येताच तो विरघळला. पडद्यावर रंग पसरायला लागला, म्हणून त्याने निळ्या खडूने भलामोठा सत्तेचाळीस लिहिला आणि खाली सही केली. सोमवारी साहेब फेरतपासणीला येतील, त्यांना हा दाखवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर पडदा दोरीवर वाळत होता. स्वच्छ, पांढराशुभ्र. साहेबांसमोर मळका पडदा कसा लावायचा, म्हणून आईने पहाटेच्या पाण्यातल्या दोन बादल्या ओतून तो चोळचोळून धुतला होता! कपाळाला हात लावला मी. आकडा पुन्हा लिहिता आला, सही मात्र जमेना. (मी करून पाहिली. कोंबडीसारखी दिसत होती.) मोजणीवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, आता कापडावर काही नाही, सोमवारी दार दिसलं तरच रंगवतो. तर असं आहे. तुम्ही काळजी करू नका, मी काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

तुमचा,
बिनदाराचा सुतार

ता. क. तुमच्या लग्नात मी न्हाणीघराला दार करून दिलं होतं, ते अजून आहे ना? सोमवारपुरतं मिळालं तर फार उपकार होतील. तोवर ताईने जरा गाणं म्हणत अंघोळ करावी.

ता. क. दुसरा. दार पाठवू नका. पत्र पाकिटात घालतोय तोच मावशी आली. म्हणाली, माझ्या दाराला मागची बाजू पण आहे ना? भाऊजी, आयुष्यभर सुतारकाम केलं, हे मला सुचलं नाही! साहेब तिच्याकडे शेहेचाळीस बघून चहाला आत बसले, की बिजागरीच्या पिना काढायच्या, दार उलटं फिरवून आमच्या चौकटीत लावायचं आणि मागच्या अंगावर सत्तेचाळीस घालून घ्यायचा. मी बिजागऱ्या दुसऱ्या अंगाला मारून ठेवल्यात, तिच्याकडे तोवर आमचा स्वच्छ पडदा. फक्त ते दार दोघांशिवाय हलत नाही, आणि सोमवारी गल्लीतला प्रत्येकजण आपापल्या नंबरापाशी उभा असणार. वर कंबरेचं सहज विचारलं होतं, ते आता सहज राहिलेलं नाही. रविवारीच या.

ता. क. तिसरा. नळ आल्यावर दार कुणी ठेवायचं यावरून मावशी आणि आमची ही कालपासून भांडतायत. ही म्हणते तू ठेव, ती म्हणते तू ठेव. आईने निकाल दिला. ती म्हणते, दार मावशीलाच राहू दे, आपला पडदासुद्धा वर बांधून ठेवा. माझा नळ मला गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवायचा आहे.