चारी बाजूंनी शिवलेली वाकळ

आई, परवा धाकटी आली होती. नातवाबरोबर मोटारीनं आली, दोन दिवस राहिली, आणि जाताना उंबऱ्यात चप्पल शोधता शोधता म्हणाली, "दादा, माझं म्हायेर आईनंच तोडलं बघ. सासूला उगंच नाव ठेवत बसलो आपण." मी खाली वाकलो. तिची चप्पल शोधून दिली. ती गेल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि माझं लिहिणं तिसरीपर्यंतचं, तरी लिहायला बसलो आहे. सून आत भाकऱ्या थापते आहे. ती बाहेर यायच्या आत कागद गादीखाली जायला हवा, ही एक धास्ती. दौत सांडेल, ही दुसरी. तुला माझा हा स्वभाव ठाऊक आहे. "सुईला वारं लागंल म्हणून बी भ्यायचं हे," असं तू शेजारणींना हसून सांगायचीस, मी समोर असताना.

पण यंत्राच्या बाबतीत मी भ्यालो नव्हतो. लाईन बाजारातल्या म्हाताऱ्या शिंप्याची नजर गेली आणि त्यानं आपलं हातानं फिरवायचं शिवणयंत्र मला दिलं, तेव्हा आपल्या गल्लीत दुसरं नव्हतं. महाराजांचं राज्य, गावात नव्या नव्या गोष्टी येत होत्या, लोक आमच्या दारात उभे राहून नुसता आवाज ऐकायचे. तू मात्र पहिल्या दिवशी त्याला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, "अवदसाच हाय, पर घरात आली तर पुजली पायजे." हाताचा टाका मोडत नाही, यंत्राचा एक तुटला की सगळे निघतात, असं तू येईल त्याला सांगायचीस. माझं गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी.

धाकटी पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचं सासर चंदगडकडचं, चार महिने पाऊस आणि न वाळणारे कपडे, म्हणून बाळासाठी तू जाड वाकळ घातलीस. जुनी लुगडी एकावर एक, रंकाळ्यावर धुऊन मऊ केलेली. सगळे धागे तू हातानं भरलेस. राहिला होता फक्त कडेचा गोट. तुझी बोटं सुजली होती, बारसं दोन दिवसांवर आलं होतं. मीच म्हणालो, गोट यंत्रावर मारतो. तू सुजलेली बोटं चोळलीस, मग म्हणालीस, "मार. पर नीट मार."

नीटच मारला. अजून डोळ्यांपुढे आहे. तिरक्या कापलेल्या लाल पट्ट्या जोडून मी एक लांबलचक पट्टी केली आहे. ती दुमडून वाकळेच्या उलट्या अंगाला कडेशी कड लावली आहे. एका बाजूच्या मध्यावर सुरुवात केली, पट्टीचं टोक वीतभर मोकळं सोडून. उजव्या हातानं दांडा फिरवतो, डाव्या हातानं पट्टी सारखी करतो. वाकळ इतकी जड की खाली ओढ घेते आणि सुई वाकते, म्हणून तू समोर बसून तिचं वजन दोन्ही हातांवर पेलते आहेस. कोपऱ्याच्या बोटभर अलीकडे थांबायचं, पट्टी वर दुमडायची, परत खाली घ्यायची, मग पुढं. चारी कोपरे कसे काढल्यासारखे बसले. शेवटी सुरुवातीचं टोक आणि नंतरचं टोक जोडून वर्तुळ पुरं केलं, पट्टी सुलट्या अंगाला उलटवली आणि दुसरी शिलाई मारली. कुठं सुरू झालं, कुठं संपलं, माझं मलाही दिसेना. तू वाकळ घडी करून ठेवलीस. बरी झाली म्हणाली नाहीस.

बारशाला तिची सासू आली. अंगानं बारीक, आवाज चावडीवरचा. बाळाला मांडीवर घेऊन तिनं वाकळ जवळ ओढली आणि पदराच्या गाठीतून मूठभर भाताचे दाणे काढले. कनवटीला सुई होती, दोरा ओवलेली. मग ती गोटावरून अंगठा फिरवत गेली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. परत पहिली.

"विहीणबाई, हिचं तोंड कुठाय?"

पहिल्या नातवंडाच्या वाकळेचा गोट वीतभर मोकळा ठेवायचा, बापाकडच्या आजीनं त्यातून दाणे आत घालायचे आणि आपल्या हातानं ते तोंड शिवायचं, म्हणजे मूल त्या घराचं झालं. ही तुम्हा बायकांची रीत. मला शिंप्याला ती कुणी सांगितली होती? तू घाईनं म्हणालीस, "उसवू या की वीतभर. कात्री आणा गं."

"बारशाला उसवायचं? पोराच्या अंगाखालचं?" ती उठलीच. "आमचा हात लागू द्याचा न्हवता, तर बोलवायचं तरी कशाला?"

आणि तू सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट केलंस. "ह्यानं शिवली ओ. ह्याला इचारा. यंत्र आल्यापास्नं ह्याला आई दिसती व्हय?" मी पंचवीस वर्षांचा होतो, घरात माझी बायको होती, दारात माझी गिऱ्हाइकं होती. तू मला तिच्या पाया पडायला लावलंस. मी पडलो. तिनं पाय मागे घेतले. तिच्या मागनं धाकटीचं रडणं ऐकू येत होतं, ते अजून येतं.

तिसऱ्या महिन्यात येऊन ती धाकटीला आणि पोराला घेऊन गेली, वाकळ तशीच टाकून. परत माहेरी धाडली नाही. दोनदा मी बैलगाडीनं आणायला गेलो. दुसऱ्या खेपेला तर सासू ओसरीवरूनच म्हणाली, "पावणं, गूळपाणी घ्या आन् फिरा माघारी. तुमास्नी आमचा हात नगं, आमाला तुमची वाट नगं." पंचमीला तू दारात बसून राहायचीस. मी समोरून गेलो की तोंड फिरवायचीस. चार वर्षं तू माझ्या हातचा सदरा अंगणात वाळत घातला नाहीस, आत घातलास. मीही बोलणं टाकलं. तू गेलीस तेव्हा धाकटी तिसऱ्या दिवशी पोचली.

नदीवरून परत येताना तिनं विचारलं, "दादा, ते कसं झालं रं?" मी सांगितलं, आई समोरच बसली होती, वाकळ तिच्याच हातांत होती. तिनं सगळं बघितलं आणि गप्प बसली, तिलाच त्या सासूचा हात नको होता. धाकटीनं ऐकलं, मान हलवली. तेच मी बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं की सांगताना माझा आवाजही अडखळत नाही. आणि ते खोटं आहे असंही कुणी म्हणणार नाही. तू बसली होतीसच.

पण दोन टोकं जुळवायला घेतली तेव्हा वाकळेचा भार एका हातावर घेऊन तू दुसरा हात पुढे केलास आणि त्या मोकळ्या जागेवर पालथा ठेवलास. काही बोलणारच होतीस. यंत्र छान चाललं होतं, टाका एकसारखा पडत होता, मला थांबायचं नव्हतं. मी म्हणालो, "हात काढ, आये. तुला न्हाई कळायचं ह्यातलं." तू काढलास.

हे मी धाकटीला अजून सांगितलेलं नाही.