अक्कांचा गोल

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायची सवय मला आत्ता लागली आहे. मेहरूणच्या या भाड्याच्या घरात मी दिवसभर एकटाच डायग्राम काढत बसतो. माहिती कुठून येते, मध्ये तिचं काय होतं, पुढे कुठे जाते. गोल, बाण, परत गोल. कंपनी पुण्यात, माणसं स्क्रीनवर भेटतात आणि काम झालं की गायब होतात. फार एकटं वाटतं, सर. चुकलो तर ओरडणारंसुद्धा कोणी नाही.

तुम्ही ओरडायचात. धुळ्याच्या कॉलेजात मी जिनिंग मिलचा डायग्राम पुस्तकातून उतरवून आणला होता. तुम्ही तो पालथा ठेवलात. "मिल पाहिली का रे कधी? का नुसतेच बाण मारतोस?" मग स्कूटरवर मागे बसवून सोनगीरच्या रस्त्यावरच्या मिलमध्ये नेलंत. दिवसभर नाकातोंडात कापूस. संध्याकाळी माझा नवा कागद तुम्ही तिथल्या हमालापुढे धरलात आणि एकेक गोल त्याला वाचून दाखवलात. त्याने बोट फिरवत आपलं काम शोधलं आणि सापडल्यावर खुदकन हसला. "आता पास," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून काम करणाऱ्याला दाखवल्याशिवाय मी एकही डायग्राम पुढे पाठवलेला नाही.

गेल्या महिन्यात केळी पिकवण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम आलं. तिथे एक अक्का आहेत. खोलीचं दार उघडून त्या केळं दाबून बघतात, वास घेतात आणि माल आज काढायचा की उद्या ते सांगतात. मालक म्हणाले, आता सेन्सर येतोय, अक्कांना यात धरू नका. मी धरलं नाही. तरी सवयीने कागद त्यांच्यापुढे ठेवला, एकेक गोल वाचून दाखवला.

"यामा मनं काम कोठे शे, भाऊ?"

त्यांचं काम म्हणून मी सेन्सरच्या गोलावर बोट ठेवलं. "हे काय, इथे."

अक्का इतक्या खूश झाल्या की शेजारच्या बाईला हाक मारून त्यांनी तो गोल दाखवला. मला चहा पाजला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी चहा प्यायलो.

सोमवारी सेन्सर सुरू होतोय. अक्कांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मीच जाऊन सांगायला हवं, एवढं मला कळतं. रोज सकाळी गाडीची किल्ली हातात घेतो, आणि मग तुम्हाला लिहायला बसतो.