बाहेर शेहेचाळीस

२ एप्रिल, दुपारी १

पाडव्याला गाडी घेतली. ही डायरी गाडीबरोबर फुकट आली. शोरूमवाल्यांनी दिलेली हीच एक वस्तू धड निघाली.

आज गाडीत बसले. कंपाउंडच्या भिंतीला लावून उभी आहे. चालू केली, एसी लावला, वीस मिनिटं बसले. समोर पडद्यावर आकडा आला. बाहेरचं तापमान ४६. पनवेलला ४६! खरं असतं तर वॉचमन मिथुन खुर्चीत भाजून निघाला असता. तो पाय पसरून घोरत होता.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, असतं तसं. ह्यांचं सगळंच असतं तसं. चौतीस वर्षं न्हावा शेवाला कंटेनरचे नंबर लिहितात, पण घरच्या गाडीचा नंबर चुकला तर चालतं. ह्यांना लायसन्स नाही. गाडी माझ्या नावावर आहे, माझ्यासाठी आहे. तेव्हा लढायचं पण मीच.

ठरवलं. रोज दुपारी आकडा लिहायचा. मी सातवी शिकले, पण पुरावा म्हणजे काय ते मला कळतं.

३ एप्रिल

४७. नालायक.

४ एप्रिल, दुपारी १:३०

४६. समोरच्या ब्लॉकमधल्या झिल्पाताईंना खाली बोलावून दाखवला. त्या शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, गॅलरीत तापमापक टांगलाय. त्यात ३५. म्हणजे अकराची लबाडी. एखाद्या दुकानदाराने किलोमागे एवढं मारलं असतं तर मी त्याचा तराजू रस्त्यात फेकला असता.

झिल्पाताई म्हणाल्या, मैना, तू गाडी उभीच ठेवतेस, चालवून बघ की. मी म्हटलं, आधी आकडा नीट होऊ दे. खोटारड्या गाडीच्या हाती मी जीव सोपवणार नाही.

६ एप्रिल

आभाचा पेणहून फोन. माझी एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण, सातवा लागतोय. अठराला ओटी भरणार. मग तिला इकडे आणायची. विहीणबाई मध्ये घुसल्या. म्हणाल्या, आठवा लागला की आम्ही बाईला हलवत नाही, मग बाळंतपण इथेच होईल. आठवा अकरा मेला लागतो.

मी म्हटलं, आठव्याची वाट कोण बघतंय. मी स्वतः येईन, माझ्या गाडीने, मागे उशा लावून लेकीला घेऊन जाईन. आभाच्या लग्नात पण मी सगळ्यांसमोर हेच बोलले होते.

विहीणबाई म्हणाल्या, हो का.

विहीणबाई कुमुदताई म्हणे निवृत्त मुख्याध्यापिका. ह्या बाईचं हो का म्हणजे वहीवर लाल पेनाची फुली. स्वतः एक जुनं खटारं चालवतात, त्यात आकडा तर सोडा, रेडिओ पण नाही.

पन्नासाव्या वर्षी लायसन्स काढलं मी. पहिल्या फटक्यात. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो त्यांनी एकवीस दिवसांत जेमतेम रोज एकदा दाबला असेल.

९ एप्रिल

आकडा ४८. ताप आहे हा, दुसरं काही नाही. आभाला लहानपणी ताप चढला की मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायचे. गाडीच्या पुढच्या बाजूला जाळीवर जुन्या पंच्याच्या पट्ट्या ठेवल्या. बदलत राहिले. दहा मिनिटांत ३१!

ह्यांना हाक मारली, मिथुनला हाक मारली. मिथुन म्हणाला, वा आंटी, डॉक्टर हो आप. झिल्पाताई गॅलरीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, आता चार अंश कमी दाखवतेय, ते नाही का लिहिणार?

जळतात.

१० एप्रिल

४७. पट्ट्या ठेवून ३०. पट्ट्या काढून ४५. ठरवलं, पेणला जाताना पट्ट्या बांधून जायचं. हे म्हणाले, पोलीस अडवतील. ह्यांना काही सुचत नाही आणि मला सुचलं की पोलीस आठवतात.

११ एप्रिल

नजर आहे. पाडव्याला गाडीचा फोटो विहीणबाईंना पाठवला होता. तीन दिवसांनी अंगठा आला. नुसता अंगठा. आज मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका मिथुनला लागला, गाडीला लागला नाही. ४६.

१४ एप्रिल

शोरूमला फोन. सर्व्हिसचा सत्यजीत नावाचा माणूस. आवाज गोड, म्हणजे कामात शून्य. म्हणाला, मॅडम, गाडी कळंबोलीला घेऊन या, चेक करतो. मी म्हटलं, नासका आंबा दिलास तू आणि परत आणून द्यायचा मी? तू ये.

कळंबोली लांब नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

१८ एप्रिल, रात्री ८

ओटीभरण झालं. आम्ही एसटीने गेलो. उतरताच विहीणबाईंनी आमच्या मागे बघितलं, जशी काही गाडी आमच्या मागून चालत येणार होती. विचारलं, गाडी? मी म्हटलं, कंपनीकडून चूक झालीय, केस चालू आहे. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. एकीने विचारलं, म्हणजे चालतच नाही का? मी म्हटलं, चालते. बाहेरचं तापमान चुकीचं दाखवते.

एक पोरगी हसली.

आभा हिरव्या साडीत छान दिसत होती. पाय सुजलेत. बॅग भरून तयार ठेवली होती. म्हणाली, आई, एसटीने येऊ का तुझ्याबरोबर? मी म्हटलं, एसटीच्या धक्क्यात? वेडी का खुळी. मी आठ दिवसांत गाडी घेऊन येते. तिने बॅग परत आत नेली.

२२ एप्रिल

सत्यजीत आला शेवटी. बाइकवरून. गाडीला मशीन लावलं, गाडीखाली डोकं घातलं, कपडे झटकले आणि म्हणाला, मॅडम, काही बिघाड नाही. सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे असतो. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं की इंजिनची गरमी त्याच्यावर येते. दहा मिनिटं रस्त्यावर पळवा, वारा लागला की बरोबर आकडा येईल.

मग त्याने किलोमीटर बघितले. म्हणाला, मॅडम, ही गाडी फक्त बारा किलोमीटर चाललीय?

मी विचारतेय तापमान, हा सांगतोय किलोमीटर. नऊ तर शोरूमच्याच ड्रायव्हरने आणताना केले. तीन ह्यांच्या भाच्याने देवळात नेली तेव्हा. म्हणजे माझ्याकडून गाडी शून्य झिजलीय. कौतुक करायचं सोडून तोंड बघत बसला.

झिल्पाताई पण खाली आल्या, बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, पातेलं शेगडीवर ठेवायचं आणि गरम का झालं म्हणून भांडीवाल्याशी भांडायचं, त्यातली गत आहे तुझी.

दोघांना हाकललं. सेन्सर बदलून पाहिजे म्हणजे पाहिजे.

२४ एप्रिल

शोरूमला जाऊन बसले. रिक्षाने. रिक्षावाला विठू नेहमीचा, तोंडाचा फाटका. वाटेत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मावशी, गाडीची तक्रार आहे तर गाडीच आणायची ना, दाखवता आली असती. मी म्हटलं, तू पुढे बघ.

शोरूममध्ये पण तोच प्रश्न. गाडी कुठे, मॅडम? जो येतो तो तेच. मी त्या चकचकीत सोफ्यावर चार तास बसले. नवीन गिऱ्हाईक आलं की मोठ्याने विचारायचं, बाहेर किती आहे हो? एक जोडपं उठून गेलं. मॅनेजर पळत आला. सोमवारी घरी येऊन नवीन सेन्सर बसवतो म्हणाला.

जिंकले. अशी असते लढाई. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मग मंगळवारी पेण का? मी म्हटलं, बघू.

२८ एप्रिल

नवीन सेन्सर बसवला. चालू करताच ३४! बरोबर!! सत्यजीतला चहा दिला, बिस्कीट पण दिलं.

तो गेल्यावर गाडीत बसून राहिले. ३६. ३९. ४३. पंचवीस मिनिटांत ४६.

बिस्कीट वाया गेलं.

३ मे

पाठीत चमक. गाडीत रोज बसून भरली असणार. विश्रांती.

५ मे

आभाचा फोन. म्हणाली, विहीणबाई... म्हणजे तिच्या सासूबाई खोली लावतायत. पाळणा माळ्यावरून काढला, रंग दिला. पेणच्या डॉक्टरकडे नाव घालतायत. आई, तू येतेस ना?

मी म्हटलं, पाळणा कोणी काढायला सांगितला त्यांना? पाळणा माहेरचा असतो. बाई सगळं स्वतःकडे ओढते. आमच्या घरात मी दोन महिन्यांपासून डिंक आणून ठेवलाय, गोधड्या धुऊन ठेवल्यात.

ठरलं. गुरुवारी. पहाटे. आकडा मरू दे.

८ मे, पहाटे ४:४५

आंघोळ झाली. मागच्या सीटवर तीन उशा ठेवल्या. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. कोणाच्याही शेजारी बसले की हे ब्रेक असल्यासारखे नुसते पाय दाबतात.

रस्ता माझ्या तोंडपाठ आहे. पळस्प्याला वळायचं आणि मग सरळ पेण. आकडा २८. सज्जन माणसासारखा २८.

८ मे, सकाळी ६:३०

गेट अरुंद आहे.

सोसायटीला पत्र द्यायला पाहिजे. मिथुनने दोन्ही दारं उघडून धरली तरी अरुंद. गाडीचं नाक बाहेर काढलं आणि रस्त्यावर ट्रेलर. बंदराकडे जाणारा. तो गेला. मग दुसरा. मग एक टँकर. मग बराच वेळ कोणी नाही, पण कोणीतरी येणार हे दिसत होतं. असं पाऊण तास. मिथुन हात हलवून दमला आणि शेवटी खाली बसला. मागून दूधवाल्याचा टेम्पो पोंगा वाजवायला लागला.

आकडा बघितला. ४१. ४१ मध्ये लेकीला आणणार कशी? कुठली आई असं करेल?

परत फिरायचं ठरवलं. मागे घेण्यापेक्षा मिथुनने आणि दूधवाल्याने ढकलून जागेवर लावली. पेट्रोल वाचलं. एसी फार थंड होता, त्यामुळे उतरून आधी मिथुनच्या खुर्चीत बसले.

९ मे

हे म्हणाले, टॅक्सी बोलावतो, दोघं जाऊ, तासाभराचं काम. मी म्हटलं, टॅक्सीने गेले तर ती बाई दारात काय म्हणेल ते मला इथून ऐकू येतंय.

पेणला फोन केला. विहीणबाईंनी उचलला. सांगितलं, इकडे शेहेचाळीस आहे हो, अशा उन्हात पोटुशीला कसं न्यायचं. त्या म्हणाल्या, पनवेलला शेहेचाळीस? हो का. इथे तेहेतीस आहे.

मग आभाने फोन घेतला. रडत होती. म्हणाली, आई, टॅक्सीने ये, एसटीने ये, कशानेही ये. परवा आठवा लागतो. मला तुझ्याकडे यायचंय. गाडी नकोय मला.

मी म्हटलं, उद्या. उद्या नक्की.

दिवसभर गाडीत बसले नाही. आकडा नाही.

१० मे, संध्याकाळी ५

सकाळी अकराला खाली पोंगा वाजला. विहीणबाईंचं खटारं. आमच्या त्या गेटातून एका दमात आत आलं, आरसे पण मिटले नाहीत. आभा पुढे बसली होती. मागे बॅग, पाळणा, नारळ, आणि मला एक साडी.

विहीणबाई म्हणाल्या, पहिल्या वेळेला आईच लागते, मी कितीही केलं तरी. दुसरं काही म्हणाल्या नाहीत. मी तयार होते, चार उत्तरं पाठ केली होती. चारही वाया.

जेवण झालं. मग म्हणाल्या, चला, नवी गाडी दाखवा. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. त्यांनी किल्ली मागितली. बॅटरी उतरली नव्हती.

त्या चालवायला बसल्या, मी शेजारी. आकडा ४४. मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते? गाडी गेटाबाहेर पडली. एक ट्रेलर आला. विहीणबाई थोड्या थांबल्या, तो गेला, ह्या गेल्या. इतकंच होतं ते.

४१. उड्डाणपुलाखालून वळल्या. ३९. माझे पाय खाली दाबलेले होते, ते त्यांना दिसले असणार. ३७. ३६. पेट्रोल पंपावरून परत फिरल्या. ३५, आणि मग तो हललाच नाही. रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर पण लाल अक्षरात ३५ होतं.

त्यांनी किलोमीटर बघितले. मग माझ्याकडे बघितलं. हो का पण म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा घेऊन एकट्याच परत गेल्या. मी गेटापर्यंत सोडायला गेले.

आभा झोपलीय आत. पायाला तेल लावून दिलं. झोपायच्या आधी तिने विचारलं, मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, कशाने जायचं? मी सांगणार होते की बाहेर किती तापलंय बघ. पण आकडा बरोबर झालाय.

म्हटलं, रिक्षाने.