वाकडा सात

ओबरलिंडेन,
मंगळवार, १६ मार्च १९९९

माझ्या लाडक्या रीके,

नीट पोचलीस ना? इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, कोंबड्या अंडी देतात, तू विसरलेला चित्रं उचलायचा चिमटा खिडकीत ठेवला आहे. माझ्या अक्षराला हसू नकोस. पाचवीतच आईने गाईंमागे धाडलं, तेव्हापासून ते तसंच राहिलं.

रविवार काय गोड गेला गं! तुझं ते युद्धातल्या जेट विमानाचं तळहाताएवढं मॉडेल, आणि बशीतल्या पाण्यात भिजवलेली ती चित्रं, कागदावरून सुटून कशी माशासारखी सरकतात! काळे क्रूस तर तू मला लावू दिलेस. सत्तरीच्या आजीला एवढा आनंद व्हावा म्हणजे कमालच. शेपटीवरची जागा तू मोकळी सोडलीस. "ते नाझी चिन्ह कायद्यात बसत नाही ओमा, पाकिटातच नसतं," म्हणालीस. मला बरंच वाटलं. बटाट्याचे गोळे मात्र फुटले, पाणी फार उकळलं.

हां, तर तो सात.

"ओमा, हा पिवळा सात छापतानाच वाकडा झालाय की काय?" असं म्हणून तू पुस्तकातला जुना फोटो काढलास. त्या खऱ्या विमानावरही सात वाकडाच! "कुठल्या धांदरटाने रंगवलाय हा?" म्हणत तुझा बाप हसला, तू हसलीस, मीही हसले. आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "एक युक्रेनची पोरगी होती, तिने."

युद्धात मी डोंगरातल्या त्या विमानांच्या कारखान्यात होते हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? तू माझा हात धरलास. शनिवारच्या प्रदर्शनात विमानापुढच्या पाटीवर हे लिहीन म्हणालीस. मी केक कापायला उठले.

रीके, तो सात मी रंगवला.

पंधरा वर्षांची होते. आकडा कापलेला पत्रा विमानाला लावून धरायची मी, रंगवायचीही मीच. ती युक्रेनची पोरगी, हालिना, नुसता रंग ढवळून द्यायची. तिला तिच्या गावातून धरून आणलेलं, छातीवर वेठीच्या मजुरांचा बिल्ला शिवलेला. माझी बोटं गारठली की ती माझे हात स्वतःच्या काखेत धरायची. त्या दिवशी एक वैमानिक शीळ घालत गेला आणि मी मान वळवली. एवढंच. पत्रा सरकला.

"कोणी केलं हे?" मुकादम ओरडला. मला फार तर एक थोबाडीत बसली असती. मी म्हटलं, "तिने."

पहारेकरी आले, म्हणाले, घातपात. हालिनाने माझ्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला, झाकण नीट दाबून लावलं आणि त्यांच्याबरोबर गेली. परत आली नाही. विमान मात्र तसंच गेलं, सात पुसून रंगवायला कोणाला वेळच नव्हता.

तेव्हा भीती होती गं. रविवारी कसली होती? समोर केक होता, तू होतीस. तरी तोंडात तेच आलं.

शनिवारच्या आत पाटी बदल. सात वाकडाच राहू दे. लिही, हा ओटिलिएने वाकडा रंगवला आणि शिक्षा हालिनाला झाली. तिचं आडनाव मी कधी विचारलंच नाही. मी येते, पाटीशेजारी उभी राहते. न्यायला यावंसं वाटलं नाही तर नको येऊस, नऊची बस आहे.

चिमटा आणते.

अजून म्हणू देशील तर तुझी ओमा,
नाहीतर नुसती
ओटिलिए