कमळतळ्याच्या देवळाचं पूर्वदार

प्रिय कुंथियाताई,

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, भाताच्या शेतात असशील, फोन घरी राहिला असेल. मग तुझ्या शेजारणीला लावला. ती म्हणाली, "आहे की घरात. पण कुणाशी बोलत नाही." म्हणून हे पत्र. फोनसारखं ते मध्येच बंद करता येत नाही, हा त्याचा एक फायदा. कोंपोंग थॉमच्या बसवाल्याकडे देतेय, सोबत ताडगुळाच्या चकत्या आणि धुरावर सुकवलेले मासे आहेत. मासे आईने केलेत. तिचा निरोप आहे, "कुंथियाला म्हणावं, जेवली नाहीस तर मी येऊन भरवीन, आणि माझा हात जड आहे."

आधी बातमी. आपल्या पूर्वदाराची शिळा परत दारावर चढली. गोपुराचे दोन्ही खांब उन्हाळ्यातच सरळ करून झाले होते, पण शिळा चढवायला, इतकी पडकी देवळं पुन्हा उभी केलेल्या सामिथकाकांचा जीव धजत नव्हता. रोज सकाळी येऊन ते तिच्याभोवती फेऱ्या घालायचे आणि म्हणायचे, "आज हवा बरोबर नाही." शेवटी मीच म्हटलं, "काका, नवरी पळून जाईल." मग तिवई उभी केली, साखळीची कप्पी लावली, आणि ती हजार वर्षांची बाई हळूहळू उचलली गेली. काका खालून तिच्याशी बोलत होते, "सावकाश, बाळ, सावकाश, कुणी मागे लागलेलं नाही." ती बसली तेव्हा काकांनी डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून सांध्यात सरकवून पाहिला. गेला नाही. जुन्या कारागिरांनी दगडावर दगड वाळू-पाण्याने घासून असा बसवला होता की मध्ये चुना नाही, काही नाही, आणि आजही तो आपली जागा ओळखतो. काका पाठमोरे झाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला तेव्हा तू तिथे हवी होतीस.

इतर लोक देऊळ बघतात ते उभ्याने, लांबून, एका नजरेत. आपण कमळतळ्याचं देऊळ गुडघ्यांवर पाहिलं, सुरुंग शोधत, मीटरभर रुंदीच्या पट्ट्यातून, दोन्हीकडे लाल टोकांच्या खुंट्या. आठवतं, आधी मला नुसती नागाची शेपटी मिळाली होती? पुलाच्या कठड्याचा नाग. त्याच्या अंगाअंगाने आपण पुढे सरकत होतो आणि फणे काही येत नव्हते. मी कुरकुरले की तू म्हणायचीस, "सापाला घाई नाही, तुला कशाला?" मग तळ्याच्या जांभ्याच्या पायऱ्या आल्या, मग ती छोटी ग्रंथशाळा, तिच्या खिडकीत दगडाच्या कातीव दांड्या, थेट लाकडाच्या असाव्यात तशा. तिथेच मला ते खोटं दार सापडलं. कड्या, फळ्या, वेलबुट्टी सगळं कोरलेलं, आणि मागे भरीव भिंत. मी पट्ट्यातूनच ओरडून काकांना विचारलं की न उघडणारं दार कशाला केलं असेल. ते लाल फितीपलीकडे ताडपत्रीखाली बसलेले. म्हणाले, "माणसासाठी नाही ते. देवाला यायचं असेल तर त्याला चालतं." आणि तू मागून, "म्हणजे माझ्या नवऱ्यासारखं. हाका सगळ्या ऐकू जातात, पण उघडत नाही." सगळ्या मुली इतक्या हसल्या की तुलाच काम थांबवावं लागलं. हसताना हात हलतो, म्हणून.

आता पूर्वदाराच्या दिवसाबद्दल लिहिते. तुला ठाऊक आहे सगळं, तू होतीसच. पण माझ्या बाजूने ते तू कधी ऐकलं नाहीस. मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

रात्रीच्या पावसाने दारातली माती सैल झाली होती. शिळा तेव्हा खाली पडलेली होती, एक टोक उंबऱ्यावर, एक टोक ढिगाऱ्यावर. मी पोटावर पडून तिच्या खालची माती काढत होते आणि हिरवट प्लॅस्टिकची कड दिसली. सैनिकांनी उंबऱ्यालगत पेरून ठेवलेला सुरुंग. शिकवल्याप्रमाणे हात थांबवला, तुला हाक मारली, आणि हात मागे घेणार तोच शिळा सरकली. आवाजही फारसा झाला नाही. दाराच्या बाजूचा तो अष्टकोनी नक्षीचा छोटा खांब तिच्याखाली आडवा पडलेला होता, त्याच्यावर ती अडकली, म्हणून माझा हात चिरडला नाही. पण दगड आणि खांब यांच्या मध्ये कोपरापासून अडकला, आणि कोपराच्या खाली, बोटभर अंतरावर, तो.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? भीती नाही. लाज वाटली. आता सगळ्यांना माझ्यामुळे उन्हात ताटकळावं लागणार म्हणून. तू सगळ्यांना मागे पाठवलंस, गाडीतला जॅक आणि लाकडाच्या पाचरी घेऊन एकटी पट्ट्यातून आलीस, आणि माझ्याशेजारी पालथी पडलीस. तोंडावरच्या काचेतून मला तुझे फक्त डोळे दिसत होते. तू म्हणालीस, "तुझ्या नाकासमोर काय आहे?" मी म्हटलं, दगड. "दगड तर मलाही माहीत आहे. त्याच्यावर काय आहे ते सांग. डावीकडून सुरू कर."

आणि मी सांगायला लागले. डावीकडे पानांची वेटोळी. मग एक माळ. माळ कुठून येते? एका तोंडातून. कसलं तोंड? डोळे बटबटीत, खालचा जबडा नाही, राहूसारखं. तू म्हणालीस, "तुझ्या मावशीसारखं?" मी म्हटलं, मावशीला जबडा आहे, चांगला वापरते. तू पाचर सरकवत होतीस, ठक, ठक, मला अंगात ऐकू येत होतं. "पुढे सांग. राहूच्या डोक्यावर कोण?" हत्ती. किती डोक्यांचा? तीन. मग वर बसलेला इंद्र. "बरं बसलाय का?" ऐटीत. "मग तू का थरथरतेस, तुझ्यावर कोण बसलंय?" आणि उजवीकडे पोचले तेव्हा मला दिसलं की तिथल्या शेवटच्या माणसाला चेहराच नव्हता. नुसती रेघ मारून ठेवली होती. हात, गुडघे, केसांची गाठ, सगळ्याची बाह्यरेषा, आणि पुढे कोरायचं राहून गेलेलं. मी तुला म्हटलं, ताई, हा अर्धाच आहे. तू म्हणालीस, "का बरं सोडला असेल?" आणि मी खरोखर विचार करायला लागले. राजा मेला असेल. दगडकरी आजारी पडला असेल. जेवायला गेला असेल. मी हे सगळं बोलत असताना तू जॅक फिरवलास, माझी बाही कापलीस आणि माझा हात तुझ्या हाताने बाहेर काढलास. मला काढलेला कळलाच नाही.

मला मागे पाठवून तो सुरुंग तूच निकामी केलास. मग फितीबाहेर येऊन बसलीस आणि म्हणालीस, "कैरी आहे का कुणाकडे? तिखटमीठ लावलेली?" अख्खी कैरी एकटीने संपवलीस आणि दुसरी मागितलीस.

त्यानंतर मला पट्ट्यात जाता येईना. रोज सकाळी जॅकेट चढवायचं, काच लावायची, खुंटीपर्यंत जायचं, आणि पाय बांधल्यासारखे व्हायचे. मी घरी जायला पिशवी भरली होती. तू पिशवी पाहिलीस, मला हाताला धरून काकांच्या ताडपत्रीखाली नेऊन बसवलंस आणि त्यांना म्हणालीस, "ही घ्या. हिला दगड वाचता येतो, डोळे मिटूनही सांगते." काका म्हणाले, "मला चित्र काढणारी हवी, बोलणारी नको." तू म्हणालीस, "दोन्ही मिळेल, पर्याय नाही."

त्या ताडपत्रीखाली माझं पुढचं आयुष्य सुरू झालं. काकांनी मला पेन्सिल धरायला शिकवली, मग दगड मोजायला, मग पडलेल्या ढिगाऱ्यात कोणता दगड कोणाचा शेजारी हे ओळखायला. दगडाच्या सांध्यांत सुतारासारखी खाच असते ते दाखवलं. म्हणाले, आधीची देवळं लाकडाची होती, ती कुजून गेली, पण कारागिरांच्या हाताला लाकडाची सवय राहिली. दालनाचं छतही समजावलं. दोन्ही भिंतींचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे येतो, असं करत करत वर दोन्ही बाजू भेटतात. मधोमध कुलूप घालणारा दगड नाही. नुसतं मागचं वजन पुढच्याला धरून ठेवतं. मला ते एकदम कळलं, ताई. मलाही मागून कुणीतरी धरूनच ठेवलं होतं. आज कामावरच्या माणसांना मी हेच शिकवते, आणि ते मला "मास्तरीण" म्हणतात, अर्धं आदराने, अर्धं चिडवायला.

शिळा चढल्यावर गावाने पूजा ठेवली. भिक्खू आले, बायांनी तांदळाच्या शेवया आणि माशाचं कालवण आणलं, भल्या मोठ्या टोपल्या. त्या गावातली म्हातारी माणसं लहानपणी नव्या वर्षाला तिथे खेळायला जायची, आणि मग लढाई आली तेव्हापासून कुणी आत पाऊल टाकलं नव्हतं. ती एक आजी आठवते का, फितीपाशी येऊन रोज आपल्याला विचारायची, "अजून किती खणताय, पोरींनो, सोनं सापडलं का?" तिला गावातल्या दोघींनी धरून पूर्वदारातून आत नेलं. आत गेल्यावर ती सरळ ग्रंथशाळेच्या सावलीत जाऊन बसली आणि म्हणाली, "इथे बसायचे मी. तेव्हा भिंत उंच होती." मग मला विचारलं, "त्या काचवाल्या पोरी कुठे गेल्या? त्यांना जेवायला वाढा आधी." मी म्हटलं, आजी, त्या दुसऱ्या गावाच्या जमिनी मोकळ्या करतायत. "मग त्यांच्या वाटचं तू खा," म्हणाली, आणि मला तीनदा वाढलं. ताई, गावातली पोरं तळ्याच्या पायऱ्यांवर उड्या मारत होती आणि त्यांच्या आया गप्पा मारत होत्या, कुणाचं लक्षही नव्हतं पोरांकडे. तिथे आता पोरांकडे लक्ष द्यावं लागत नाही. हे तू केलंस. मी तुला हे तोंडाने कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "काम होतं, केलं." म्हणून लिहून पाठवतेय. माझा हात, माझं काम, माझं घर, हे सगळं त्या दिवसाच्या पलीकडचं आहे, आणि पलीकडे मला तू आणलंस.

आता जे टाळत होते ते. मला लिन्नाचं कळलंय. तुझ्या नव्या तुकडीतली मुलगी, उसाच्या शेतात, गेल्या पावसाळ्यात तिचा पाय गेला ते. चौकशी करणाऱ्यांनी काय सांगितलं तेही ऐकलं. सुरुंग खोल होता, पुराने तिरका झालेला, त्यात धातू नावालाच, म्हणून यंत्र वाजलंच नाही. तिने सगळं बरोबर केलं होतं आणि तूही. पण तू राजीनामा देऊन घरी बसलीस आणि सगळ्यांना सांगितलंस की मुलींना शिकवण्याची तुझी लायकी नाही. त्यावर मी वाद घालणार नाही, तू माझ्यापेक्षा हट्टी आहेस.

पण गेल्या आठवड्यात मी बाटामबांगच्या दवाखान्यात जाऊन लिन्नाला भेटले. म्हणूनच हे पत्र. ती खाटेवर बसून केस विंचरत होती. मी तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "इथे सगळे माझ्याशी साखरेत घोळवून बोलतात. कुणी ओरडतच नाही. ताई कशा आहेत? खातात का?" तिचा नवा पाय तयार होऊन आलाय. तिने तो खाटेखाली ठेवून वर क्रामा टाकलाय, आपला चौकड्यांचा पंचा, आणि कुणालाही हात लावू देत नाही. तिथली चालायला शिकवणारी बाई रोज दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहायला बोलावते आणि ही रोज नाही म्हणते. का, असं विचारलं तर म्हणाली, "समोरच्या टोकाला ताई उभ्या असल्या की निघेन. त्या म्हणतील, नीट टाक पाऊल, बघून टाक. दुसऱ्या कुणाचं मला खरं वाटणार नाही." तुझ्यावर तिचा राग नाही, ताई. ती तुझी वाट बघतेय. मी तुला न विचारता तिला शब्द देऊन आलेय की ताई येतील. बुधवारी सकाळच्या बसने मी तुझ्या दारात असेन. केस विंचरून, चप्पल घालून तयार राहा. बाटामबांगपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, नको असेल तर. नुसती शेजारी बसेन.

तुझीच धाकटी,
रोथा